लस टोचल्याची तारीख

हातकणंगले
१२ फेब्रुवारी २००७

मोना,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं आणि दोन दिवस ते न फोडता खणात ठेवलं. नऊ वर्षांत तुझी एक ओळ नाही, माझीही नाही. आता लिहिलंस ते काकूंच्या, तुझ्या आईच्या, कुत्रीसाठी. असू दे. जनावरांच्या डॉक्टरला माणसं जनावरांसाठीच लिहिणार.

काकू गेल्याचं मला लगेच कळलं होतं. तुमच्या बागेतला केरबा मुद्दाम इथवर सांगायला आला. मी दिवसांना आले नाही, त्याचा राग धरू नकोस. कॉलेजात असताना तुमच्या घरी माझी कपबशी कधी वेगळी नव्हती, हे मी विसरलेले नाही. पण त्या घराच्या मागच्या दारापाशी मला उभं राहवत नाही. का, ते तुला ठाऊक आहे. निदान थोडं तरी.

चिंगीला जर्मनीला न्यायला काय काय लागतं, ते विचारलंयस. नियम आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. आधी तिच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. तिचा नंबर पुढच्या प्रत्येक कागदावर आला पाहिजे. चिप बसल्यावरच रेबीजची लस; आधी टोचलेली धरत नाहीत. लशीनंतर निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचं, त्यातला सीरम वेगळा करून बर्फात घालून परदेशातल्या मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. लस अंगी लागली असा अहवाल आला, की रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने मोजायचे. मग निघायच्या आठवड्यात सरकारी डॉक्टरचा तब्येतीचा दाखला आणि मुंबईच्या क्वारंटाइन ऑफिसची मंजुरी. पिंजरा विमान कंपनीच्या मापाचा लागतो, आत तिला उभं राहून वळता आलं पाहिजे. आज सुरुवात केली तरी जुलै उजाडेल.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी चारदा वाचली. ‘मागच्यासारखं तारखांचं थोडं जमवलंस, तर मे महिन्यातच तिला नेता येईल.’

मागच्यासारखं. हा शब्द लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडला नाही?

तारखांचं काही जमणार नाही. ज्या दिवशी जे होईल, त्याच दिवसाची तारीख पडेल. हे चालत असेल तर केरबाला सांग, चिंगीला घेऊन ये म्हणावं. इ-मेल कर म्हणतेस, पण इथला कॉम्प्युटर पंचायत समितीत आहे आणि त्याच्यावर चार जण वाकलेले असतात. मी पत्रच लिहीन.

संघप्रिया


हातकणंगले
५ मार्च २००७

मोना,

चिप पुण्याहून मागवली. परवाच्या गुरुवारी, म्हणजे १ मार्चला, केरबा चिंगीला वडापच्या जीपमधनं घेऊन आला. पोत्यात गुंडाळून मांडीवर बसवलेली. गावठी कुत्री, एका डोळ्यात फूल पडलेलं, पण अंगानं धड आहे. चिप बसवताना कुईं केलं, लस टोचताना तेवढंही नाही. लशीच्या बाटलीवरचा बॅच नंबर, चिपचा नंबर, तारीख, सगळं कार्डावर लिहिलंय. झेरॉक्स सोबत आहे.

केरबा म्हणाला, “डाक्टरीणबाई, ही भाकरी आणि ताक खाणारी. तकडं हिला भाकरी कोण घालणार?”

“मोना घालील की,” मी म्हटलं.

“मोनाबाई सोता खात न्हाईत भाकरी,” म्हणाला.

तुझ्या पत्रात तू विचारलंयस, शेवंताबाई नक्की कशानं गेली, आई तर ताप म्हणाली होती. तापानं नाही गेली. रेबीजनं गेली. ११ जुलै १९९८, शनिवार. तुला हे ठाऊक नव्हतं, यावर मी विश्वास ठेवावा का नको, मला ठरवता येत नाही.

सगळं एकदा सरळ लिहून काढते. आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

त्या वर्षीच्या सोळा मेला तू ब्रूनोला घेऊन पेठ वडगावच्या दवाखान्यात आलीस. तेव्हा माझी नेमणूक तिथं होती, नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. तुझा राजवर्धन जर्मनीला पुढं गेलेला आणि तुझं सत्तावीस मेच्या रात्रीचं विमान. तेव्हाचा नियम साधा होता: लस निदान तीस दिवस आधी टोचलेली पाहिजे, बास. ब्रूनोची लस दोन वर्षं चुकली होती. तू म्हणालीस, “संघे, सगळं तुझ्या एका आकड्यावर अडलंय बघ.” मी त्याला त्या दिवशी लस टोचली आणि कार्डावर एप्रिलमधली तारीख घातली. सही केली, शिक्का मारला. तू मला मिठी मारलीस. दोन मिनिटांचं काम.

होळीच्या सुमारास ब्रूनो एका भटक्या कुत्र्याशी भांडून कान फाडून आला होता. टाके मीच घातले होते. तेव्हा लशीचं विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं कुत्रं असतं तर विचारलंच असतं. तुझं होतं, म्हणून धरून चालले.

बावीस मेला शेवंताक्का मागच्या दारी त्याचं ताट उचलायला वाकली आणि त्यानं तिच्या अंगठ्याला धरलं. तू तिला कार्ड दाखवलंस. तिला वाचता येत नव्हतं, पण खालची सही कुणाची ते तू सांगितलंस. ती आमच्या वडगावची, आमच्या घराला घर लागून. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन कोल्हापुरात सिद्धार्थनगरात गेली, आणि तुमच्याकडं कामाला तिला मीच लावली होती. माझी सही म्हटल्यावर तिनं जखमेवर हळद दाबली आणि राहिलेली भांडी घासली. हे मला तिनंच नंतर सांगितलं, कौतुकानं.

पंचवीसला तू मुंबईला गेलीस. ब्रूनोला कुत्री सांभाळणाऱ्या एकाच्या शेडमध्ये ठेवलंस. सत्तावीसला संध्याकाळी तुझा फोन आला. ब्रूनो मेला. जबडा लोंबत होता, लाळ थांबत नव्हती, पाणी गिळता येत नव्हतं. शेडवाला म्हणतो ऊन लागलं. तू हे सगळं एका दमात सांगितलंस. मला काय वाटलं ते मी बोलले नाही. तुलाही वाटलं असणार.

मी दुसऱ्या दिवशी शेवंताक्काकडं गेले आणि सुया घ्यायला सांगितलं. तेव्हा सरकारी दवाखान्यात त्या पोटात टोचायचे, रोज एक, चौदा दिवस. तिनं तीन घेतल्या आणि सोडून दिल्या.

एवढंच.

संघप्रिया


हातकणंगले
८ एप्रिल २००७

मोना,

चिंगीचं रक्त ३ तारखेला काढलं. लशीपासून तेहतीस दिवस. सीरम थर्मासात बर्फ घालून मी स्वतः कोल्हापूरच्या कुरिअरवाल्याच्या हातात दिला. तो मुंबईहून पुढं प्रयोगशाळेत जाईल. आता ३ जुलैच्या आत ती निघू शकत नाही. कुणालाही विचार.

तुझं पत्र वाचलं. तू चिडलीयस, आणि तुझं बरोबर आहे. तू लिहितेस, ‘मी त्या फोनवर तुला विचारलं होतं, आईकडनं शेवंताबाईला निरोप पाठवू का. तू म्हणालीस, नको, मी बघते, तू जा. आणि आता सगळं माझ्या दारात आणून टाकतेस.’

खरं आहे. ‘मी बघते’ असंच म्हणाले होते. मागच्या पत्रात मी ते गाळलं. आणि शेवटी ‘एवढंच’ असं लिहिलं, तेही खोटं. एवढंच नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला मी सिद्धार्थनगरात गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. शेवंताक्का उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. अंगठ्याला चिंधी. तिची साक्षी तेव्हा अकरा वर्षांची, ती आत पाटीवर काहीतरी गिरवत होती. मला बघून अक्का उठली, पदरानं पाट पुसला.

मी म्हटलं, “अक्का, कुत्रं चावलंय नव्हं तुला. सुया घे.”

“कशापायी? त्याला टोचलंय की. तुझीच सही हाय कागदावर. मोनाबाईनी दाखीवली मला.”

“तरी घ्याव्यात.”

“पोटात चौदा सुया? आगं, पोट सुजतंय म्हणं. चौदा दिवस कामावर खाडा कोण धरील?” मग हसली. “सगळ्यास्नी सांगितलं मी, आमच्या पोरीनं टोचलंय, मला काय हुतंय.”

तिनं दाण्यांची मूठ माझ्या हातात दिली आणि विचारलं, “ब्रूनो गेला का गं इमानानं?”

मोना, इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. तो मेला. एवढं बोलले असते तर ती उठून चालत दवाखान्यात गेली असती. ती अडाणी होती, पण येडी नव्हती. चावलेलं कुत्रं मेलं म्हणजे काय, हे आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मग तिनं विचारलं असतं, टोचलेलं कुत्रं मेलं कसं? जोतीराम दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, विचारलं असतं. ते शाळेत शिपाई, कागद बघितल्याशिवाय राहणारे नव्हेत. खोटा दाखला दिला म्हणून माझी नोकरी गेली असती. आमच्या आळीतनं पहिली ऑफिसर झाले म्हणून ज्यांनी माझा नारळ देऊन सत्कार केला होता, त्यांच्या पुढं तोंड कुठं लपवलं असतं? हे सगळं माझ्या डोक्यातनं त्या एका क्षणात गेलं. ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, “व्हय. गेला.”

“नशीब काढलं कुत्र्यानं,” म्हणाली.

मी खूप आग्रह केला. शपथ घातली. म्हणून, माझं मन मोडू नये म्हणून, तिनं तीन सुया घेतल्या. चौथ्या दिवशी पोट दुखायला लागलं, तू गेल्यावर तुमच्याकडचं काम सुटलं होतं, तिकडं नवीन कामावर बाई ओरडली, आणि ती थांबली. मला कळलं होतं ती थांबल्याचं. मी पुन्हा गेले नाही. मनाला सांगितलं, कदाचित ऊनच लागलं असेल ब्रूनोला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हात मुंग्यांनी भरून आला म्हणाली. मग पाण्याचा पेला तोंडाशी नेला की घसा आवळायला लागला. सरकारी दवाखान्यात नेली. मी गेले, पण वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आतनं तिचा आवाज येत होता. ती पाणी मागत होती, आणि पाणी आणलं की किंचाळत होती. मध्येच साक्षीला हाक मारायची. पोरीला आत सोडत नव्हते, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. मी तिच्या केसांतनं हात फिरवत बसले होते. मी.

तुला हे सगळं कळावं असं मला का वाटतं, सांगता येत नाही. तू मला माफ करावंस म्हणून नाही. तुझ्याकडं माफी मागण्यासारखं त्यात काही नाही. खोट्या तारखेत आपण दोघी होतो. ‘व्हय, गेला’ हे मात्र माझं एकटीचं.

संघप्रिया


हातकणंगले
६ मे २००७

मोना,

अहवाल आला. चिंगीच्या रक्तात लशीचं बळ हवं त्याच्या तिपटीहून जास्त निघालं. कागद इंग्रजीत आहे, चिपचा नंबर जुळतो. जपून ठेवलाय.

दुसरं सांगायचंय ते असं, की मी जोतीराम दाजींच्याकडं जाऊन आले. तुला पत्र लिहिल्यावर महिनाभर मला जेवण गोड लागत नव्हतं. जे समुद्रापलीकडं लिहू शकते, ते वीस किलोमीटरवर जाऊन बोलू शकत नाही, याची लाज वाटली. बुद्ध पौर्णिमेला नको म्हटलं, सणाचा दिवस. दुसऱ्या दिवशी गेले.

दाजी आता रिटायर झालेत. साखरेनं एक पाय अधू झालाय. साक्षी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीवर घरी होती. मला बघून म्हणाली, “मावशी, किती वर्सांनी!” चहा टाकला. भिंतीवर अक्काचा फोटो, लग्नातला, त्यात ती रागावल्यासारखी दिसते.

मी चहा घ्यायच्या आधीच सांगितलं. नाहीतर चहा पिऊन, ख्यालीखुशाली विचारून परत आले असते. सगळं सांगितलं: सोळा मे, एप्रिलची तारीख, तुझा फोन, शेंगा, माझं उत्तर. मान खाली घालूनच बोलले. 

दाजी म्हणाले, “म्हाईत हाय मला.”

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही.

“तारखेचं म्हाईत हाय,” म्हणाले. “शेवंता दवाखान्यात हुती तवा डाक्टर म्हणाले, कुत्र्याचा कागुद बघू. मी मोनाबाईच्या आईकडं गेलतो. त्यांनी झेरॉक्स दिली. वाचली मी रस्त्यात. चौदा एप्रिल लिव्हलंतंस तू, संघे. चौदा एप्रिल! त्या दिवशी दवाखाना उघडा असतोय व्हय? आणि तू कुठं हुतीस त्या दिवशी? सकाळधरनं रातीपतोर तू आमच्यासंगं बिंदू चौकात हुतीस. शेवंतानं आणि तू एकाच रंगाचं पातळ नेसलं हुतं.”

मोना, मला ती तारीख आठवतच नव्हती. एप्रिलमधली कुठलीतरी, इतकंच आठवायचं. सोळा मेला तू समोर घाई करत होतीस, तेव्हा एप्रिल म्हटल्यावर हाताला हीच एक तारीख आली असणार. आमच्या घरात एप्रिल म्हणजे चौदाच.

मी विचारलं, “दाजी, मग तुम्ही बोलला का न्हाईसा?”

त्यांनी अधू पाय चोळला. मग म्हणाले, “शेवंता जाणारच हुती. डाक्टरांनी सांगितलंतं. मग म्हटलं, ही तरी ऱ्हाऊ दे. आपली एवढी एकच पोरगी साहेब झालीया. कागुद दाखीवला तर हिला घालीवत्यात. मग खालच्या पोरींस्नी शिकवाय कोण धजणार? फाडून टाकला म्या त्यो कागुद. पंचगंगेत सोडला, राखंसंगं.”

पुढं म्हणाले, “पर कुत्रं मेलेलं तुला म्हाईत हुतं, ही मला न्हवतं ठावं. तारीख चुकली आसंल म्हटलं, मैत्रिणीच्या भिडंला. त्याला मी माफ केलंतं. ही न्हवतं ठावं.”

मग बोलली साक्षी. पण माझ्याशी नाही. ती बापाकडं वळली.

“आबा, तुमास्नी म्हाईत हुतं? नऊ वर्सं? मी शाळंत निबंध लिव्हला आईवर, लिव्हलं की माझी आई सुया अर्धवट सोडल्यामुळं गेली, अडाणीपणामुळं गेली. सगळ्यांम्होरं वाचून दाखीवला. तुमी ऐकत हुतासा की! तुमी टाळ्या वाजीवल्यासा!”

दाजी म्हणाले, “साक्षे, ऐक…”

तिनं स्टोव्ह बंद केला. चहा तसाच राहिला, पातेल्यात. ती चप्पल घालून बाहेर गेली. मी उठले तेव्हा दाजी म्हणाले, “तू आली नसतीस तरी चाललं असतं. माझी पोरगी घालीवलीस आज.”

मला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही होत नसतं. मी त्या घरातनं आणखी एक माणूस उठवून आले.

मी वरच्या ऑफिसला लेखी द्यायचं ठरवलंय. सगळं, तारखांसकट. त्यात तुझंही नाव येईल, कारण त्याशिवाय ते खरं होत नाही. आधी तुला कळवते.

संघप्रिया


हातकणंगले
२४ जून २००७

मोना,

तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होते, हात कोपरापर्यंत गाभण म्हशीत. म्हणून नीट बोलता आलं नाही. तू आधी ओरडलीस: राजवर्धनची नोकरी, मुलांची नावं, इतक्या वर्षांनी मढं उकरून काय मिळणार. मी ऐकून घेतलं. मग तू रडलीस, आणि म्हणालीस, “मला थोडा वेळ दे. कदाचित मीही सही करीन. जागा ठेव.” मी बरं म्हटलं.

दोन आठवडे थांबले. तुझं काही आलं नाही.

चिंगीचं आधी सांगते. १८ तारखेला माझं लेखी रजिस्टर पोस्टानं जिल्ह्याच्या ऑफिसला गेलं. गुरुवारी साहेबांचा फोन आला. म्हणाले, “बाई, नऊ वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तुम्हाला कुणी सांगितला हा शहाणपणा?” चौकशी होईल. तोवर मी कुठल्याही दाखल्यावर सही करायची नाही. नोकरी राहील असं वाटत नाही. चिंगीची चिप खरी, रक्ताचा अहवाल खरा, पण लशीच्या कार्डावर माझी सही आहे. खोटा दाखला दिल्याचं जिनं स्वतः लिहून दिलंय तिचं कार्ड मुंबईचं ऑफिस धरील की नाही, कुणीच सांगत नाही. न धरलं तर दुसऱ्या डॉक्टरकडून लस, मग तीस दिवस, मग रक्त, मग तीन महिने, सगळं पहिल्यापासून. कार्डाची आणि अहवालाची मूळ प्रत केरबाकडं दिलीय. नव्या डॉक्टरांचा पत्ता त्याला माहीत आहे. त्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. “मग दिवाळीपतोर ऱ्हाती म्हणा की इथंच,” म्हणाला.

आता १८ तारखेचं.

त्या सकाळी साक्षी दवाखान्यात आली. पावसानं चिंब, रेनकोट बाहेरच झटकला. ती होस्टेलवर राहते आता, घरी गेलेली नाही. दाजी तिला दोनदा भेटायला गेले, अधू पायानं जिने चढून. खाली आली नाही म्हणे. एरवी ती मला मावशी म्हणायची. त्या दिवशी मॅडम म्हणाली.

“मॅडम, तुमी जे आबास्नी सांगितलंसा, ते मला लिहून पायजे.”

मी म्हटलं, “लिहिलंय. वरच्या ऑफिसला आजच पाठवणार आहे.”

“वाचू?”

खणातनं काढून दिलं. ती समोरच्या बाकावर बसली. बाहेर दोन शेळ्या घेऊन एक म्हातारा ताटकळत होता, त्याला मी थांबा म्हटलं. तिनं अगदी सावकाश वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. ‘शेवंताबाई नावाच्या घरकाम करणाऱ्या महिलेस’ असं मी लिहिलं होतं. तिथं बोट थांबलं.

“हे खोडा. शेवंता जोतीराम कांबळे. वय अडतीस. पूर्ण लिहा.”

मी खोडून लिहिलं, बाजूला सही केली.

पुढं, मी ब्रूनो मेल्याची ‘माहिती वेळेवर दिली नाही’ असं लिहिलं होतं. तिनं मान वर केली. “दिली न्हाई, का खोटी दिली?”

ते वाक्यही बदललं. तिची आई काय म्हणाली आणि मी काय म्हणाले, ते तिनं मला जसंच्या तसं लिहायला लावलं. ‘व्हय. गेला.’ सरकारी कागदावर ते दोन शब्द फार विचित्र दिसतात. मी लिहून होईपर्यंत तिनं खिडकीकडं तोंड केलं.

मग मी तिला विचारलं, आबांना भेटणार नाहीस का? म्हणाली, “ते तुमी इचारायचं न्हाई.”

खाली मी सही केली, तारीख घातली, १८ जून २००७. माझ्या सहीखाली चार बोटं जागा मोकळी होती. तिनं विचारलं, “ही कुणासाठी सोडलीसा?”

मी तुझं नाव सांगितलं. तू वेळ मागितलायस, कदाचित तूही सही करशील, तेही सांगितलं.

तिनं माझ्या टेबलावरची पट्टी घेतली आणि त्या मोकळ्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

“आमच्या वॉर्डात केसपेपरवर मोकळी जागा सोडत न्हाईत,” म्हणाली. “मागनं कुणीबी कायबी घालतंय.”

कोपऱ्यावरच्या दुकानातनं तिनंच तीन झेरॉक्स काढून आणल्या. एक तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात ठेवली, एक माझ्याकडं आहे, एक तुला पाठवतेय. रेघ जरा फिकट आलीय, पण दिसते.

संघप्रिया